खिलार जोडी आणि कॅमेरा

भोसरीतली नोकरी सोडून मी गावी आलो त्याला आता सहा वर्षं झाली. टूलरूममध्ये होतो. लोखंडाचं माप दहा मायक्रॉनच्या आत बसलं पाहिजे, हे बघण्यात अकरा वर्षं गेली. काम वाईट नव्हतं, उगाच खोटं कशाला सांगू? पगार वेळेवर व्हायचा, कॅन्टीनचा चहाही बरा असायचा. पण सुट्टीत गावी आलो की पहाटे कॅमेरा घेऊन ज्वारीच्या रानात फिरायचो. दवानं भिजलेल्या कणसांवर पहिलं ऊन पडतं, ते दहा-बारा मिनिटंच. एका हंगामात मला ते दोन-तीनदा बघायला मिळायचं. बाकीचे दिवस ते माझ्यावाचूनच पडतंय, याचा एक दिवस राग आला. राजीनाम्याचं खरं कारण एवढंच.

दादांना सांगितलं तेव्हा ते वैरण तोडत होते. हात न थांबवता म्हणाले, "तुज्या डिप्लोम्यापायी जोडी इकली व्हती म्या. ध्यानात हाय न्हवं?"

ध्यानात होतं. 2004 साली सांगोल्याच्या बाजारात खिलार जोडी गेली. पुढं दोन वर्षं दादांनी दुसऱ्याचं औत पैसे देऊन सांगितलं. ते मला दिलेलं होतं की उसनं? उसनं म्हणावं, तर अकरा वर्षं पैसे पाठवून मी ते फेडलं होतं. पण दादांनी जोडी पैशासाठी विकलीच नव्हती. पोरानं आभाळाकडं बघत बसू नये म्हणून विकली होती. आणि मी परत आभाळाकडंच बघायला आलो होतो. हे मात्र कुठल्या हिशेबात फिटत नाही.

त्या दिवसांत मला सेबास्तियाओ सालगादोचा मोठा आधार वाटायचा. ब्राझीलचा माणूस, अर्थशास्त्र शिकलेला. लंडनला आंतरराष्ट्रीय कॉफी संघटनेत नोकरीला होता. कामासाठी आफ्रिकेत जायचा आणि फोटो काढायचा. 1973 साली नोकरी सोडली. पुढं सेरा पेलादाच्या सोन्याच्या खाणीत, चिखलानं माखून पोती वाहणाऱ्या हजारो मजुरांचे त्याचे फोटो जगभर गेले. ही गोष्ट मी भेटेल त्याला ऐकवायचो. नोकरी सोडून ज्यांचं काहीच झालं नाही, त्यांची गोष्ट कुणी सांगत नाही, हे तेव्हा सुचलं नाही. आणखी एक गोष्ट सांगताना मी गाळायचो. त्यानं सुरुवातीला हातात घेतलेला कॅमेरा बायकोचा, लेलियाचा होता. पुढं त्याची पुस्तकं आणि प्रदर्शनंही तिनंच उभी केली.

आमच्या घरी पगार बायकोचा. ती प्राथमिक आरोग्य केंद्रात नर्स आहे. एकदा रात्रपाळी करून आली, चहा टाकला आणि सहज म्हणाली, "अहो, मीपण सोडू का नोकरी?"

मी हसलो. ती हसली नाही. "गाणं शिकायचं राहिलंय माझं," म्हणाली आणि कप विसळायला लागली.

त्या हसण्याची लाज मला नंतर वाटली, त्या वेळी नाही. माझी ती कला आणि तिची ती हौस, हे ठरवलं कुणी? मीच. मनाचं ऐकावं, असं मी चारचौघांत सांगत होतो. पण एका घरात दोघांनी मनाचं ऐकलं तर चूल कशी पेटायची, याचा विचार केलाच नव्हता. एकानं ऐकायचं तर दुसऱ्यानं ड्युटीवर जायचं. आमच्यात तो दुसरा कोण, हे तिला न विचारताच ठरून गेलं होतं.

आता लग्नसराईत ऑर्डरी घेतो. नवरा-नवरीला उसात उभं करून हात पसरायला लावतो. जिवावर येतं, पण घेतो. मध्यंतरी दादांनी कॅमेऱ्याची किंमत विचारली. सांगितली. "म्हंजी जोडीच आली की दावणीला," एवढंच बोलले. राग होता की चेष्टा, कळलं नाही.

बायकोनं नोकरी सोडलेली नाही. गुरुवारी संध्याकाळी तिला तालुक्याला पेटीच्या क्लासला गाडीवरून सोडतो. नेमकी उन्हं कलायची वेळ असते ती. वाटेत तळ्यावर बगळे उतरलेले असतात. थांबलो तर तिला उशीर होतो.