जागा कोणाच्या हक्काची?

वेस्ट पॉइंटला जायला काय लागते, असे आपल्यापैकी कोणालाही विचारा, उत्तर बहुधा 'मार्क' असेच येईल. आपण परीक्षांच्या देशातून आलेली माणसे. खडकवासल्याच्या एनडीएसाठी यूपीएससीची ९०० गुणांची लेखी परीक्षा, मग ९०० गुणांची एसएसबी. बेरीज झाली की यादी लागते. मुलाला बॉल किती लांब फेकता येतो, हे तिथे कोणी विचारत नाही. त्यामुळे आमच्या स्नेह्यांच्या हुशार मुलाला वेस्ट पॉइंटहून नकार आला आणि त्याच्याच शाळेतल्या, अभ्यासात बेताच्या फुटबॉलपटूला बोलावणे आले, तेव्हा गणपतीच्या जेवणात दुसरा विषयच नव्हता. "सरळसरळ अन्याय आहे हो हा," असे वहिनी म्हणाल्या.

त्यांचे वाईट वाटणे मला समजते. पण ही जागा म्हणजे अभ्यासाचे बक्षीस, हे गृहीतच मला मान्य नाही. इथे फी नाही, उलट दरमहा वेतन मिळते, आणि त्याच्या बदल्यात पदवीनंतर किमान पाच वर्षे सैन्यात काढावी लागतात. वर्षाला सुमारे १२०० मुलेमुली घेतात. निवडीच्या गुणांकनात अभ्यासाला साठ टक्के, नेतृत्वाला तीस आणि शारीरिक क्षमतेला दहा टक्के वजन असते. खेळाडूला अभ्यासाखेरीज बाकीच्या दोन्हींत फायदा होतो, आणि त्यात मला गैर वाटत नाही. पहिल्या महायुद्धाहून परतलेले डग्लस मॅकआर्थर १९१९ साली तिथे प्रमुख झाले आणि त्यांनी प्रत्येक कॅडेटला मैदानावर उतरवले. थकल्यावर, हरत असताना, चिखलात माणूस कसा वागतो, हे सॅटच्या पेपरात दिसत नाही.

माझी अडचण आहे ती पुढे. 'रिक्रूटेड' खेळाडूला आधी हेरतो तो कोच, आणि कोचला शनिवारचा सामना जिंकायचा असतो. १८९० पासून चालत आलेला आर्मी-नेव्ही सामना हरणे म्हणजे तिथे सुतकच! मार्क कमी पडले तर एक वर्षाच्या तयारी शाळेची सोय आहे. १९५१ साली परीक्षेतले प्रश्न एकमेकांना पुरवल्यावरून सुमारे ९० कॅडेट्सना वेस्ट पॉइंट सोडावे लागले. त्यांत फुटबॉलचे खेळाडू बरेच होते, खुद्द प्रशिक्षकांचा मुलगाही होता. खेळाडू मुळात लबाड असतात, असे यातून मुळीच निघत नाही. पण संघासाठी जागा भरायच्या ठरल्या की अधिकारी निवडणे मागे पडते, एवढे मात्र दिसते. याउलट अॅनापोलिसचा रॉजर स्टॉबॅक बघा. १९६३ साली हाइझमन ट्रॉफी मिळवूनही त्याने आधी नौदलात चार वर्षे काढली, व्हिएतनामला जाऊन आला, आणि मग १९६९ मध्ये डॅलस काउबॉइजकडे गेला.

नाकारलेल्या मुलाला दुसरे कॉलेज मिळते, आरओटीसीमधून अधिकारीही होता येते. या निवडीची खरी किंमत मोजतो तो विशीतला जवान, ज्याला आपला लेफ्टनंट निवडायची मुभाच नसते. त्याच्या आईने प्रवेश समितीला काय विचारले असते?

मला वाटते, तिने आयझेनहॉवरच्या गुडघ्याबद्दल विचारले असते. १९१२ साली फुटबॉल खेळताना तो गुडघा जायबंदी झाला आणि त्यांचा खेळ संपला. पुढे त्यापायी कमिशन मिळते की नाही, अशीही वेळ आली होती. १९१५ मध्ये ते मिळाले. तेव्हा कोचने पुढे केलेल्या प्रत्येक नावापुढे समितीने एवढेच लिहावे: पहिल्याच महिन्यात याचा गुडघा गेला, पुन्हा कधी मैदानावर उतरणार नाही, तरी हा मुलगा आपल्याला हवा आहे का? उत्तर 'हो' असेल तर खुशाल घ्या, आमच्या वहिनींना मी समजावीन. उत्तर द्यायला कोचकडे बघावे लागत असेल, तर ती जागा दुसऱ्या कोणाला तरी द्या.