लेकराचा नेम

सज्जनहो, नेमाचे मोल वारकऱ्याला सांगावे लागत नाही. स्वमग्न लेकराला तर नेम हाच आधार. जूनमध्ये शाळा उघडते, पत्र्यावर पाऊस वाजतो, अंगावर रेनकोट येतो. अशा पुष्कळ लेकरांच्या कानाला नि कातडीला तो मारच वाटतो. ते रडले की आपण म्हणतो, ‘हट्टी आहे!’ अहो, हट्ट कसला? भय आहे ते. म्हणून मे महिन्यातच रेनकोट घरात रोज थोडा वेळ घालू द्या. उद्याचा क्रम चित्रे मांडून दाखवा. निजण्याची वेळ नि गोधडी मात्र बदलू नका. बाप वारीला निघाला, तर परतीच्या दिवसावर खूण करून रोज एक तारीख खोडू द्या. पंढरीची वाट ठाऊक, म्हणून आपले पाऊल निर्भय पडते. लेकरालाही पुढली वाट आधी दाखवा. रामकृष्णहरि.