श्रद्धा आणि सोयरीक

मराठी ख्रिस्ती घरात लग्नाचा विषय निघाला की पहिला प्रश्न ठरलेला असतो : मुलगा आपल्यातला आहे ना? अहमदनगरला हा प्रश्न विचारतात, वसईत विचारतात, आणि मेलबर्नच्या आग्नेयेकडच्या ग्लेन वेव्हर्लीतही विचारतात. ‘आपल्यातला’ म्हणजे आधी ख्रिस्ती. मग कॅथलिक की प्रॉटेस्टंट, मग कोणत्या मंडळीतला, आणि शेवटी, जरा आवाज खाली आणून, मूळचे कोण. ग्लेन वेव्हर्लीत निम्म्याहून अधिक रहिवासी परदेशात जन्मलेले; चीन, भारत, श्रीलंका, मलेशिया इथून आलेली घरे शेजारी शेजारी. तिथे वाढलेल्या मुलामुलींच्या वर्गात आणि कामाच्या ठिकाणी ‘आपल्यातले’ क्वचितच भेटतात. ऑस्ट्रेलियाच्या २०२१च्या जनगणनेत ४३.९ टक्के लोकांनी स्वतःला ख्रिस्ती म्हणवले आणि ३८.९ टक्क्यांनी ‘कोणताही धर्म नाही’ या रकान्यावर खूण केली. पाचच वर्षांपूर्वी हे आकडे ५२.१ आणि ३०.१ होते. म्हणजे आईबाप ज्याला ख्रिस्ती देश समजून आले, तिथे मुलांना भेटतो तो मुख्यतः धर्माबद्दल उदासीन माणूस. या माणसाशी मैत्री करायची, त्याच्यावर प्रेम करायचे, कदाचित संसारही करायचा, आणि तरी प्रभूला धरून राहायचे, हे कसे? प्रश्न नव्या पिढीचा वाटतो, पण मराठी ख्रिस्ती माणसाने तो पावणेदोनशे वर्षे घोळवला आहे. त्या काळात एक विचार हळूहळू घडत गेला : श्रद्धा किती खरी आहे हे कळते ते ती नसलेल्या माणसाशी आपण कसे वागतो यावरून.

या विचाराचे बीज पवित्र शास्त्रातच आहे, आणि तिथेही ते सरळसोट नाही. करिंथ हे ग्रीक बंदर. तिथल्या मंडळीत नवरा ख्रिस्ती आणि बायको नाही, किंवा उलट, अशी घरे होती. पौलाने त्यांना पहिल्या पत्राच्या सातव्या अध्यायात सांगितले की जोडीदार नांदायला राजी असेल तर त्याला सोडू नका. तो स्वतःहून निघून जात असेल तर मात्र जाऊ द्या, तुम्ही बांधलेले नाही. दुसऱ्या पत्रात तोच पौल विश्वास नसणाऱ्यांशी विजोड बांधले जाऊ नका म्हणतो. आपल्याकडच्या युवक शिबिरांत हे दुसरे वचन जितके ऐकू येते तितका पहिला अध्याय ऐकू येत नाही. दोन्ही एकाच माणसाने, एकाच गावातल्या लोकांना लिहिले. दुसऱ्या पत्रात तो नवीन गाठ बांधताना सावध करतो, पहिल्यात बांधलेली गाठ श्रद्धेच्या नावाने तोडायला मनाई करतो. पुढचा सगळा इतिहास या दोन वचनांपैकी कोणते आधी वाचायचे याचा आहे असे म्हटले तर फार चूक होणार नाही.

एकोणिसाव्या शतकातल्या महाराष्ट्रात श्रद्धा आली ती ताटातूट घेऊन. बेळगावचे बाबा पदमनजी १८५४ साली बाप्तिस्मा घेतात तेव्हा घर, जात आणि संसार सगळेच उलटेपालटे होते. ‘अरुणोदय’ या आत्मचरित्रात ती उलघाल त्यांनी स्वतः मांडली आहे. सरकारही अशी ताटातूट गृहीत धरून कायदे करत होते. १८५०च्या कायद्याने धर्म बदलणाऱ्याचा वारसाहक्क शाबूत राहिला. १८६६च्या कायद्याने आणखी एक पाऊल टाकले : ख्रिस्ती झालेल्या माणसाला जोडीदाराने धर्मांतरामुळे सहा महिने टाकले, तर न्यायालयात जाऊन आणि ठरलेली मुदत पाळून विवाह मोडता येई. पौलाचे ‘जाऊ द्या’ इथे कलमांत उतरले. तो काळ पाहता या कायद्यांना नावे ठेवण्यात अर्थ नाही. वाळीत पडलेल्या माणसाला कुणाचा तरी आधार हवाच होता. पण त्यांतून एक समजूत पक्की झाली की खरा विश्वासणारा तोच, ज्याच्या मागे मोडलेले घर आहे. साक्ष द्यायची म्हणजे काय सोडले ते सांगायचे.

ही समजूत ज्या घरात हलली ते घर टिळकांचे. नारायण वामन टिळकांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. पत्नी लक्ष्मीबाईंना विश्वासात न घेता. १८६६चा कायदा हाताशी होता. टिळकांनी तो वापरला नाही, दुसरा संसारही मांडला नाही. पत्रे लिहीत राहिले, वाट पाहत राहिले. लक्ष्मीबाई नगरला त्यांच्याकडे आल्या त्या सोवळे घेऊनच आल्या. मिशनच्या परिसरात राहायचे, नवऱ्याच्या शेजारी वावरायचे, पण चूल वेगळी आणि पाणी वेगळे, आपल्या हाताने भरलेले. नवऱ्याने ते चालू दिले. लक्ष्मीबाईंचे ‘स्मृतिचित्रे’ वाचणाऱ्याला हे प्रसंग हसवतात, कारण लिहिणारीची नजरच तशी आहे. पण धर्मविचाराच्या दृष्टीने त्या वेगळ्या चुलीइतकी महत्त्वाची वस्तू त्या काळच्या मराठी ख्रिस्ती इतिहासात मला दुसरी दिसत नाही. एका घरात दोन श्रद्धा, आणि दुसरीला शिजायला पुरेसा वेळ. लक्ष्मीबाईंनी पुढे ‘जात माणसाने केली की देवाने’ हा प्रश्न स्वतःला विचारला, स्वतःच उत्तर काढले आणि कुणाच्याही हातचे खायला सुरुवात केली. सोवळे आधी सुटले, बाप्तिस्मा नंतर झाला, १९०० साली.

यावर एक आक्षेप आहे आणि तो जोरदार आहे. टिळक काही आदर्श नव्हेत. बायकोला कळू न देता त्यांनी तिचे सगळे आयुष्य पालटून टाकले. चार-पाच वर्षे तिने नातेवाइकांच्या दारात, लोकांच्या बोलण्यात काढली. मुलाची ओढाताण झाली. नंतरच्या समजूतदारपणाने आधीची बेपर्वाई धुऊन निघत नाही. हे मान्यच केले पाहिजे. म्हणूनच या विचाराचे श्रेय मी टिळकांना देत नाही. टिळकांना वाट पाहायची वेळ आली ती त्यांच्याच करणीने. जिला सोडून जाण्याचे सगळे कारण होते, समाजाची तशी अपेक्षाही होती, ती परतून आली आणि न मानताही नांदली. नाते तिने टिकवले. त्या वर्षांत ख्रिस्ती कोण होते आणि ख्रिस्तासारखे कोण वागत होते, ही उत्तरे दोन वेगळ्या माणसांची आहेत. चर्चच्या व्यासपीठावरून या घराची गोष्ट बहुधा टिळकांच्या बाजूने सांगितली जाते. तिचे मर्म दुसऱ्या बाजूला आहे.

पंडिता रमाबाईंनी याच प्रश्नाचे दुसरे टोक धरले. १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये वाँटेजला बाप्तिस्मा घेतल्यावर तिथल्या भगिनींशी त्यांचे सिद्धांतांवरून वाद झाले. एका पुरोहितवर्गाच्या ताब्यातून सुटून दुसऱ्याच्या ताब्यात जायची त्यांची तयारी नव्हती. १८८९ मध्ये मुंबईत सुरू झालेले विधवा मुलींसाठीचे शारदासदन त्यांनी धर्माच्या बाबतीत तटस्थ ठेवायचे कबूल केले होते. त्या कुणाला बोलावत नसत. फक्त स्वतःच्या खोलीत प्रार्थना करताना दार लावून घेत नसत. मुली येऊन बसू लागल्या. १८९३ मध्ये, संस्था पुण्यात असताना, त्यावरून वादळ उठले आणि रानडे, भांडारकरांसारख्या हितचिंतकांनी संस्थेशी संबंध तोडला. दार उघडे ठेवणे हा प्रचार की प्रामाणिकपणा? मला वाटते, दोन्ही बाजूंकडे तथ्य होते. अवलंबून असलेल्या विधवा मुलींपुढे संस्थाचालिकेची प्रार्थना ही निव्वळ खासगी बाब राहत नाही. पण दार लावून घेणे म्हणजे आपण जे आहोत ते लपवणे, आणि लपवाछपवीवर उभे राहिलेले नाते फार काळ टिकत नाही. लक्ष्मीबाईंनी दाखवले की न पटणाऱ्याला जागा द्यावी लागते. रमाबाईंनी दाखवले की जागा देताना स्वतः अदृश्य व्हायचे नसते. विचाराला दोन्ही हात लागले.

इथे कुणी विचारील, ही सगळी उदाहरणे ब्राह्मण आणि वरच्या जातींतून आलेल्यांचीच का? प्रश्न रास्त आहे. नगर, सोलापूर, जालना भागातले बहुसंख्य ख्रिस्ती महार-मांग समाजांतून आले, आणि १८७६-७८च्या दुष्काळानंतर कुटुंबेच्या कुटुंबे, वस्त्याच्या वस्त्या आल्या. त्यांची ताटातूट घराशी झाली नाही; ती गावकीशी झाली. पुढे १९५०च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींच्या सवलती ख्रिस्ती झालेल्यांना नाकारल्या. १९५६ नंतर त्यांचेच भाऊबंद बौद्ध झाले. म्हणजे एकाच भावकीत ख्रिस्ती आणि बौद्ध घरे. मयतीला, लग्नाला एकत्र येणारी, प्रार्थनेला वेगळी होणारी. या लोकांनी वेगळ्या श्रद्धेच्या माणसाशी नाते कसे ठेवावे यावर ग्रंथ लिहिले नाहीत, पण पिढ्यान्‌पिढ्या ते ठेवले. माझ्या मते हा पुरावा टिळकांच्या घरापेक्षाही भक्कम आहे, कारण तो एका प्रतिभावान जोडप्याचा अपवाद नाही, हजारो घरांची वहिवाट आहे. तो कमी सांगितला जातो, कारण आपल्याला बाप्तिस्म्याच्या नाट्यमय तारखा आवडतात.

चर्चनेही आपली भाषा बदलली, उशिरा का होईना. कॅथलिकांच्या १९१७च्या धर्मसंहितेत मिश्रविवाहासाठी दोन्ही जोडीदारांकडून लेखी हमी घेण्याची रीत होती : मुले कॅथलिकच होतील. दुसरी व्हॅटिकन परिषद झाली, १९६५ मध्ये धर्मस्वातंत्र्याची घोषणा झाली, आणि १९७०मध्ये पोप सहावे पॉल यांनी नियम सैल केले. आता वचन द्यायचे ते फक्त कॅथलिक जोडीदाराने, तेही आपल्या परीने शक्य ते सर्व करण्याचे. दुसऱ्याला त्याची कल्पना द्यायची, त्याच्याकडून सही घ्यायची नाही. त्याच वर्षी नागपुरात उत्तर भारत चर्च स्थापन होऊन अनेक प्रॉटेस्टंट पंथ एक झाले, आणि १९७७मध्ये ऑस्ट्रेलियात युनायटिंग चर्च उभे राहिले. दोन देशांत थोड्या अंतराने लोकांना एकच गोष्ट कळली होती : ख्रिस्ती माणसाला ‘आपल्यातला’ची व्याख्या रुंदावल्यावाचून गत्यंतर नाही.

आता ग्लेन वेव्हर्लीकडे. तिथल्या तरुणापुढचे रोजचे प्रश्न फार भव्य नसतात. गणेशोत्सवात मराठी मंडळींकडे बोलावणे येते. आरतीला उभे राहायचे का, हातावर ठेवलेला मोदक खायचा का? पौलाच्या पहिल्या पत्रात आठव्यापासून दहाव्या अध्यायापर्यंत जवळजवळ हाच प्रश्न आहे. बाजारात मिळेल ते विचारपूस न करता खा, विश्वास नसलेल्याने जेवायला बोलावले तर जा आणि पुढ्यात येईल ते खा. पण हे मूर्तीला वाहिलेले आहे असे कुणी मुद्दाम सांगितले तर त्याच्या मनासाठी खाऊ नका. पूजेत सहभागी व्हायलाही तो स्पष्ट मनाई करतो. अन्न तेच, उत्तर मात्र समोर कोण बसले आहे यावर बदलते. हे ज्याला उमगले त्याला आरती आणि मोदक या दोन वेगळ्या बाबी आहेत हेही उमगते, आणि यजमानीण काकूंना न दुखावता पहिलीपासून दूर राहून दुसरा खाता येतो.

नात्यांचा प्रश्न याहून अवघड. ऑस्ट्रेलियात आज पाचांपैकी सुमारे चार विवाह पाद्र्याशिवाय, नागरी पद्धतीने लागतात आणि बहुतेक जोडपी लग्नाआधीच एकत्र राहू लागतात. लग्नापर्यंत थांबू पाहणारा तरुण तिथे विचित्र ठरतो; धर्म न मानणाऱ्या मुलीशी लग्न करू पाहणारा तरुण घरी विचित्र ठरतो. दोन्ही बाजूंनी टोमणे. इथे जुन्या विचाराचा उपयोग होतो तो असा : त्याने आपला नियम स्वतःसाठी पाळावा, दुसऱ्याला मोजण्यासाठी नव्हे, आणि लग्न करायचे तर काय मानतो, मुलांना काय शिकवीन, रविवारी कुठे असेन, हे सोयरीक जुळण्याआधी सांगावे. टिळकांनी नेमके हेच केले नव्हते. पालकांची भीती अशी की अशा घरातली मुले शेवटी कोणत्याच रकान्यात राहत नाहीत. भीती निराधार नाही. जनगणनेत ‘धर्म नाही’ म्हणणारे वाढलेच आहेत. पण जी घरे सोडून गेली त्यांतली पुष्कळ पूर्णपणे ‘आपल्यातली’ होती. एकाच पंथातले आईबाप असून घरात प्रार्थना नसेल, तर मिश्रविवाहाला दोष देऊन काय होणार?

राहिला शेवटचा आक्षेप : न मानणाऱ्याशी चांगले वागणे हीच कसोटी ठरवली तर ख्रिस्ताची गरज काय, चांगला माणूस असला की पुरे. पण ही कसोटी आहे, आशय नव्हे. रमाबाईंनी आयुष्याची अखेरची वर्षे केडगावात मूळ भाषांवरून बायबलचे मराठी भाषांतर करण्यात घालवली. टिळक शेवटपर्यंत अभंग रचत राहिले. लक्ष्मीबाईंनी नवऱ्याचे अपुरे ‘ख्रिस्तायन’ पुढे नेले. नाती टिकवणाऱ्यांची श्रद्धा पातळ झाली असे या माणसांकडे पाहून तरी म्हणवत नाही.

ग्लेन वेव्हर्लीतल्या मराठी ख्रिस्ती पालकांना म्हणून एक विनंती आहे. मुलांच्या दृढीकरणाच्या तयारीत ‘स्मृतिचित्रे’ ठेवा. मराठी वाचता येत नसेल तर शांता गोखले यांनी केलेले इंग्रजी भाषांतर २०१७पासून उपलब्ध आहे. नगरच्या त्या वेगळ्या चुलीपर्यंत तरी मुलांबरोबर बसून वाचा, आणि मग सोयरिकीचा विषय काढा.