थकलेले मन आणि खाडीवरचे पक्षी

डोंबिवलीच्या लोकलमधून रोज लोंबकळत घरी परतणाऱ्याचे मन कोमेजले, तर ‘ईमान दुबळे झाले’ असे त्यास सुनावू नका. हजरत खदीजा (रजि.) व अबू तालिब यांच्या निधनाचे वर्ष ‘दुःखाचे वर्ष’ म्हणूनच ओळखले जाते; प्रेषित मुहम्मद (स.) यांच्याही अंतःकरणाने शोक जाणला होता.

सूरह मुल्कच्या १९ व्या आयतीत डोक्यावरून पंख पसरत, मिटत जाणाऱ्या पक्ष्यांकडे लक्ष वेधले आहे; त्यांना अधांतरी सावरणारा रहमानच. ठाण्याच्या खाडीत हिवाळ्यापासून रोहित पक्ष्यांचे थवे उतरतात. येऊरची वनराई आहे, कल्याणला उल्हास नदीचा काठ आहे. फज्रनंतर तिकडे जा. मोबाइल घरीच असू द्या. घरातील स्त्रियांनाही न्या; चार भिंतींत त्यांचाच जीव अधिक गुदमरतो. पाहताना मुखी ‘सुब्हानल्लाह’ असावे, एरवी ती नुसती सहल.

इतके करूनही उदासी हटत नसेल, तर वैद्यकीय उपचार घ्यावेत. तशी आज्ञा प्रेषितांनीच (स.) दिली आहे. ठाण्याचे मनोरुग्णालय १९०१ पासून उभे आहे. त्याची पायरी चढल्याने तवक्कुल उणावत नाही.