रिंगणाच्या आत, रिंगणाच्या बाहेर



नोव्हेंबर महिना आपण मृतांच्या स्मरणासाठी राखून ठेवतो. २ तारखेला कबरी झाडतो, मेणबत्त्या लावतो, मिस्सासाठी नावांची यादी देतो. हे का करायचे, असे सहसा कोणी विचारत नाही. कॉलेजात जाणाऱ्या एखाद्या मुलाने विचारलेच, तर वडीलधारी त्याला गप्प बसवतात. पण प्रश्न चांगला आहे. आपल्या प्रार्थनेचा मृतात्म्यांना लाभ होतो ही आपली श्रद्धा आहे. तो विषय वेगळा. मी बोलतो आहे ते माती, दगड आणि हाडे यांच्याविषयी. मेलेल्याला जर यातले काही कळत नसेल, तर त्याची कबर मोडकळीस आली म्हणून नेमके कोणाचे नुकसान झाले?

आपल्या विदर्भात या प्रश्नाचे उत्तर फार जुन्या काळी दगडांत देऊन ठेवलेले आहे. समृद्धी महामार्गाने आता कारंज्याहून नागपूर जवळ आले आहे. नागपूरच्या अगदी शेजारी जुनापाणी नावाचे ठिकाण आहे. तिथे माळावर मोठमोठे दगड गोलाकार मांडून केलेली सुमारे ३०० रिंगणे आहेत. (रिंगण म्हटले की आपल्याला वारीतला घोडा आठवतो. या रिंगणांतही घोडा आहे, त्याच्याकडे येतोच.) रिव्हेट-कार्नाक या इंग्रज अधिकाऱ्याने १८७९ साली या रिंगणांविषयी लिहिले. पुढे १९६१-६२ मध्ये पुरातत्त्व खात्याने जुनापाणीला उत्खनन केले आणि १९७० नंतर डॉ. शां. भा. देव यांनी जवळच्याच माहूरझरीला केले. ही रिंगणे म्हणजे दफनाच्या जागा आहेत. काळ साधारण इसवी सनापूर्वी १००० ते ३००, म्हणजे प्रभू येशूच्या जन्माच्याही कित्येक शतके आधीचा.

आत काय सापडले? माणसाची हाडे बहुतेक वेळा अर्धवट, कधी एकाहून अधिक माणसांची. काळी-तांबडी मडकी, लोखंडी कुऱ्हाडी, तांब्याच्या मुठीचा खंजीर, लाल अकीक दगडाचे मणी. आणि घोड्याची हाडे, त्याच्या तोंडावर चढवायच्या तांब्याच्या साजासकट. मालकाबरोबर घोडाही गेला. ज्या घरी बैलजोडी आहे, त्यांना हे किती मोठे देणे होते ते वेगळे सांगायला नको. लोखंडही स्वस्त नव्हते. नायकुंडला त्या काळातली लोखंड गाळण्याची भट्टी सापडली आहे. किती लाकूड जाळल्यावर, किती भाता ओढल्यावर एका कुऱ्हाडीपुरते लोखंड हाती येत असेल! ती कुऱ्हाड रानात कामाला येण्याऐवजी मातीत ठेवली गेली.

हे लोक स्वतः कसे राहत होते? त्यांच्या वस्त्यांच्या जागी जमिनीत लाकडी खांबांची भोके तेवढी उरली आहेत. म्हणजे कुडाची घरे, मातीच्या भिंती, वर गवत. जिवंतांना लाकूड, मेलेल्यांना दगड.

इंग्लंडातही असेच आढळते. स्टोनहेंजची दगडी वर्तुळे सर्वांनी चित्रात पाहिली आहेत. त्याच्या जवळच १९२५ साली विमानातून एका वैमानिकाला शेतात गोल ठिपके दिसले. तिथे कधीकाळी लाकडी खांबांची सहा वर्तुळे होती. खांब कुजून गेले, भोके राहिली. त्या जागेला वुडहेंज म्हणतात. लाकडी वर्तुळ कशासाठी आणि दगडी कशासाठी, यावर विद्वानांनी पुष्कळ तर्क लढवले. १९९८ साली मादागास्करहून आलेले रामिलिसोनिना यांनी पार्कर पिअरसन या इंग्रज संशोधकाबरोबर आपले मत मांडले: दगड पूर्वजांसाठी, लाकूड जिवंतांसाठी. त्यांच्या देशात आजही असेच मानतात. हे मत सगळ्यांनाच पटले आहे असे नाही, पण आपल्या विदर्भातल्या खांबांच्या भोकांकडे पाहून मला ते पटते.

मेलेला माणूस या दगडांची भरपाई करणार नव्हता. एपिक्यूर नावाच्या ग्रीक तत्त्वज्ञाचे म्हणणे असे, की मरण येते तेव्हा आपण नसतोच, मग मरणाने आपले बिघडते काय? त्याचे बोट धरून पुढे गेलो, तर कबर हा निव्वळ वाया गेलेला खर्च ठरतो. संत ऑगस्टीन यांना एका बिशपांनी दफनाविषयी प्रश्न विचारला, तेव्हा त्यांनीही सरळ सांगितले की अंत्यविधीचा थाटमाट मेलेल्यापेक्षा जिवंतांच्याच समाधानासाठी असतो. पण म्हणून देह टाकून द्यावा, असे त्यांनी म्हटले नाही. वडिलांचा अंगरखा किंवा अंगठी मुलाला प्रिय वाटते, मग देह तर त्याहून जवळचा, असा त्यांचा विचार. मला हे उत्तर एपिक्यूरच्या उत्तरापेक्षा खरे वाटते. जिवंत माणसाचे देणे आपण देतो त्यात थोडा तरी हिशोब असतो. तो उद्या उपयोगी पडेल, निदान नाव घेईल. मेलेल्याच्या बाबतीत हिशोबाला जागाच नाही. त्याची कबर मोडली तर त्याचे काही जात नाही, पण ज्याच्याकडून काहीच परत मिळायचे नाही अशा माणसाला आम्ही माणूस मानतो, हे आपले म्हणणे खोटे पडते.

इथेच थांबलो असतो तर रिंगणाचे कौतुक करून मोकळा झालो असतो. पण जुनापाणीचा आकडा पुन्हा पाहा. कित्येक शतकांचा काळ आणि रिंगणे सुमारे ३००. सगळीच माणसे त्यात असणे शक्य नाही. दगड वाहून आणणारे हात कुठे पुरले गेले? रिंगण जेव्हा कोणाला आत घेते, तेव्हा कोणाला तरी बाहेर ठेवते.

आत असणे हेही नेहमी मानाचे असते असे नाही. वुडहेंजच्या मध्याजवळ सुमारे तीन वर्षांचे एक मूल पुरलेले होते. कवटी दुभंगलेली, म्हणून बळी दिला असावा, असे उत्खनन करणाऱ्यांनी लिहिले. मातीच्या भारानेही कोवळी कवटी सांध्यावर फाटते, असे पुढे इतरांनी म्हटले. ती हाडे महायुद्धात लंडनवरच्या बॉम्बवर्षावात नष्ट झाली, आता तपासणार कशी? पुणे जिल्ह्यात इनामगावला मात्र लहान मुले दोन मडकी तोंडाला तोंड लावून, त्यात ठेवून, घराच्या जमिनीखाली पुरलेली सापडली. मूल घराबाहेर जाऊ द्यायचे नाही, एवढेच त्यात मला दिसते.

बाहेर ठेवण्याचे काम आपणही केले आहे. १९१७ च्या कॅनन लॉनुसार जाणूनबुजून आत्महत्या करणाऱ्याला ख्रिस्ती अंत्यविधी नाकारला जाई. १९८३ च्या कायद्यातून ती तरतूद गेली. कायद्यातून गेली, मनातून गेली का? २००६ साली पंतप्रधानांनी शेतकरी आत्महत्यांमुळे विदर्भाच्या ज्या सहा जिल्ह्यांसाठी पॅकेज दिले, त्यांत आपला वाशीम जिल्हा होता. सरकारदरबारी अशा मरणाची ‘पात्र’ आणि ‘अपात्र’ अशी विभागणी होते. मदत वाटायला काही नियम लागत असतील, पण ‘अपात्र’ हा शब्द त्या घरातली बाई कायमचा ऐकत राहते. शेजारीही दबक्या आवाजात बोलतात. त्या माणसाचे नाव आपल्या नोव्हेंबरच्या यादीत बरेचदा येतच नाही, कारण द्यायला कोणी पुढे येत नाही.

तोबितची गोष्ट घरी काढून वाचा. निनवे शहराच्या तटाबाहेर टाकलेली प्रेते तो उचलून पुरत असे. त्याबद्दल त्याची मालमत्ता गेली, शेजारी हसले, तरी त्याने पुन्हा तेच केले. मृतांना मूठमाती देणे हे दयेच्या सात शारीरिक कृत्यांत गणले जाते. भुकेल्याला अन्न देण्याच्या रांगेत. आणि तोबितने पुरलेल्यांत त्याला परतफेड करू शकेल असा एकही नव्हता.

येत्या रविवारी दुसऱ्या मिस्सानंतर दफनभूमीची साफसफाई आहे. विळे, फावडी घरून आणावीत, पाण्याची सोय आहे. आपापल्या कबरी नंतर. आधी ज्यांच्यावर नाव उरलेले नाही त्या झाडू. आणि मिस्साच्या यादीत ज्यांचे नाव द्यायला संकोच वाटतो, ते नाव चिठ्ठीवर लिहून माझ्याकडे द्यावे. आडनाव नसले तरी चालेल.