वाटेतला वेळ

धाराशिव जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्यावर एक रखवालदार कामाला होता. त्याची पाळी पहाटे तीनला सुरू व्हायची आणि सकाळी अकराला संपायची. २२ एप्रिल २००३ रोजी तो असाच अपरात्री घरातून निघाला. कारखाना पाच किलोमीटरवर राहिला असताना वाटेत अपघात झाला आणि तो गेला. मागे बायको, चार मुले आणि आई. भरपाई आयुक्तांनी कुटुंबाला ३ लाख २६ हजार १४० रुपये व्याजासह देण्याचा आदेश केला. उच्च न्यायालयाने २०११ मध्ये तो रद्द केला. माणूस अजून कामावर पोचलाच नव्हता, मग अपघात कामाच्या ओघात झाला असे कसे म्हणायचे, हा मुद्दा होता. अखेर २९ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने आयुक्तांचा आदेश पुन्हा कायम केला. घरातून कामावर जाताना किंवा कामावरून घरी येताना झालेला अपघात, वेळ, जागा आणि परिस्थिती यांचा नोकरीशी संबंध दिसत असेल तर, कामाच्या ओघातलाच धरायचा, असे न्यायालयाने सांगितले. एवढे ऐकायला त्या घराला बावीस वर्षे लागली.

हा प्रश्न आपल्या न्यायालयांना नवा नाही. काम संपवून बेस्ट या मुंबईच्या बससेवेच्याच बसने घरी निघालेला तिचा एक चालक अपघातात मेला, तेव्हा १९६३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याच्या बायकोच्या बाजूने निकाल दिला. बेस्टचे काम शहरभर पसरलेले, तेव्हा चालकाची कामाची जागाही डेपोच्या फाटकाशी संपत नाही, असा तो विचार होता. १९९६ मध्ये मात्र केरळमधल्या एका कामगाराच्या बाबतीत उलटे झाले. कारखाना एका किलोमीटरवर असताना त्याच्या सायकलला मालकाच्याच लॉरीची धडक बसली, तरी त्याला कामगार विम्याचा लाभ नाकारला गेला. पुढे २०१० मध्ये संसदेने कामगार राज्य विमा कायद्यात दुरुस्ती करून वाटेतला अपघात आत घेतला. म्हणजे पन्नास वर्षांहून अधिक काळ आपण या वाटेवर वाद घालत आलो आहोत. हा सगळा वाद जखमेचा आणि मरणाचा आहे. त्या वाटेवर रोज सुखरूप जाणाऱ्या माणसाच्या वेळेबद्दल आपल्याकडे क्वचितच कोणी न्यायालयात बोलले.

रखवालदाराला घर ते कारखाना या वाटेचा पगार मिळायला हवा होता, असे मी म्हणत नाही. कामाची जागा ठरलेली असेल तर घर कुठे घ्यायचे हे माणूस थोडेफार तरी स्वतः ठरवतो. मला बोलायचे आहे ते ज्यांना ठरलेली जागाच नाही अशांबद्दल. आज या घरी, उद्या त्या गावी, सकाळी एका टोकाला, दुपारी दुसऱ्या. पाणी शुद्ध करण्याचे यंत्र दुरुस्त करणारा, घरोघरी जाऊन म्हाताऱ्या माणसांना आंघोळ घालणारी, औषध कंपनीचा एमआर, पाड्यापाड्यावर जाणारी आशाताई. यांच्या बाबतीत वाट हा कामाचाच भाग आहे. वाट वजा केली तर काम उरतच नाही.

या प्रश्नाला सगळ्यांत नेमके उत्तर युरोपात मिळाले, आणि ते स्पेनमधल्या तंत्रज्ञांमुळे मिळाले. टायको ही कंपनी घरांत आणि दुकानांत चोरीपासून संरक्षण देणारी यंत्रणा बसवायची. २०११ मध्ये तिने प्रांतोप्रांतीची कार्यालये बंद केली आणि सगळी माणसे माद्रिदच्या मुख्य कार्यालयाला जोडली. त्याआधी तंत्रज्ञ सकाळी आपल्या कार्यालयात जायचा, गाडी आणि कामांची यादी घ्यायचा, संध्याकाळी गाडी परत लावायचा. कार्यालयात पाय ठेवल्यापासून ते संध्याकाळी तिथून निघेपर्यंतचा वेळ कामाचा धरला जायचा. कार्यालय गेल्यावर गाडी घरी आली, आणि यादी आदल्या संध्याकाळी मोबाइलवर येऊ लागली. उद्या कुठे जायचे, कोणत्या क्रमाने, किती वाजता, सगळे त्यात. कंपनीने आता कामाचा वेळ पहिल्या गिऱ्हाइकाच्या दारापासून मोजायला सुरुवात केली आणि शेवटच्या गिऱ्हाइकाच्या दारात थांबवली. ही दारे कधी शंभर किलोमीटरपेक्षाही लांब असत, आणि कधी तिथे पोचायला तीन तास लागत. ते तास कंपनीच्या हिशेबात विश्रांतीचे झाले.

याचा अर्थ नीट पाहू. माणूस तोच, गाडी तीच, गिऱ्हाईकही तेच. पूर्वी कार्यालयातून गिऱ्हाइकाकडे जाणे काम होते, आता घरातून जाणे काम राहिले नाही. कार्यालये बंद करण्याचा निर्णय कंपनीचा, आणि त्याची किंमत तंत्रज्ञाच्या पहाटेतून वसूल झाली. कामगार संघटना कोर्टात गेली, स्पेनच्या न्यायालयाने प्रश्न लक्झेंबर्गला युरोपीय न्यायालयाकडे पाठवला, आणि १० सप्टेंबर २०१५ रोजी निकाल आला. ज्यांना कायमची कामाची जागा नाही त्यांचा घरापासून पहिल्या गिऱ्हाइकापर्यंतचा आणि शेवटच्या गिऱ्हाइकापासून घरापर्यंतचा प्रवास हा कामाचाच वेळ आहे.

मला त्यातली विचारसरणी फार मोलाची वाटते. युरोपच्या २००३ च्या कामाच्या वेळेविषयीच्या निर्देशात दोनच खाने आहेत: कामाचा वेळ आणि विश्रांतीचा वेळ. तिसरा खाना नाही. मग न्यायालयाने विचारले, गाडी चालवणारा हा माणूस त्या वेळेत आपल्या मर्जीचा मालक आहे का? तो मुलाला शाळेत सोडायला वळू शकतो का? नाही. कंपनी वाटेत फोन करून क्रम बदलू शकते, एखादे काम रद्द करू शकते, नवे घुसवू शकते. तेव्हा तो कंपनीच्या हाताखालीच आहे. कंपनीने मांडले की माणसे या वेळेत खासगी कामे उरकतील. त्यावर न्यायालयाचे म्हणणे असे की गैरवापर रोखायची व्यवस्था कंपनीने करावी, पण त्या भीतीपोटी वेळेचे स्वरूप बदलत नाही. याच वाटेने ९ ऑक्टोबर २०२५ रोजी त्याच न्यायालयाने आणखी एक निकाल दिला. स्पेनमधल्याच वालेन्सिया भागात निसर्गसंवर्धनाचे काम करणारे कामगार ठरल्या ठिकाणाहून मालकाच्या गाडीने कामावर जात आणि परत येत. तो प्रवासही कामाचा वेळ ठरला.

इथे एक गोष्ट लपवता येणार नाही. त्या निर्देशाचा विषय आठवड्याचे कमाल तास आणि विश्रांती हा आहे, मजुरीचा दर नाही. प्रवासाच्या तासाला किती पैसे द्यायचे, कमी दराने द्यायचे का, हे ज्या त्या देशाच्या कायद्यावर सोडले आहे. त्यामुळे विजय अर्धा आहे. पण अर्धा म्हणून लहान नाही, कारण एकदा तो वेळ कामाचा म्हणून लिहिला गेला की तो फुकट का, असे विचारायला पाय ठेवायला जागा मिळते.

ती जागा नसली की काय होते ते ब्रिटनमध्ये दिसते. तिथे घरी जाऊन वृद्धांची देखभाल करणाऱ्या बायकांच्या भेटी कित्येकदा पंधरा मिनिटांच्या असतात. एक भेट संपली की बस किंवा गाडी पकडून दुसरीकडे. किमान वेतनाच्या २०१५ च्या नियमांप्रमाणे दोन भेटींमधला प्रवास मोजावा लागतो, घरून पहिल्या भेटीपर्यंतचा मात्र नाही. प्रत्यक्षात पुष्कळ ठिकाणी भेटीची मिनिटे तेवढी हजेरीत येतात. सकाळी सातला घर सोडलेली बाई रात्री परतते तेव्हा पगाराच्या चिठ्ठीत दिवस निम्म्यावर आलेला असतो. आणि २०२४ मध्ये तिथल्या अपील न्यायाधिकरणापुढे कोंबड्यांच्या फार्मवर काम करणाऱ्या मजुरांचे प्रकरण आले. मालकाची मिनीबस त्यांना घरून उचलायची आणि देशभरातल्या फार्मवर न्यायची, कधी एका बाजूला चार-चार तास. न्यायाधिकरणाने म्हटले, बसमध्ये बसून राहणे हे किमान वेतनासाठी काम नव्हे. ज्या बसमधून उतरता येत नाही, जिची वेळ आणि मार्ग मालक ठरवतो, तिच्यातले आठ तास कोणाचे, याला त्या नियमांत उत्तर नाही.

अमेरिकेने तर उत्तर मिळाल्यावर ते पुसून टाकले. १९४४ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने अलाबामातल्या लोखंडाच्या खाणीत मुखापासून खोदायच्या जागेपर्यंतचा भुयारातला प्रवास काम मानला; १९४६ मध्ये कारखान्याच्या आवारातले चालणेही. मागच्या थकबाकीसाठी दाव्यांची रीघ लागली, मागणी सुमारे ६ अब्ज डॉलरपर्यंत गेली, आणि १९४७ मध्ये काँग्रेसने कायदा करून दार बंद केले. वाटेतला वेळ फार महाग निघाला म्हणून तो काम नाही असे ठरले. तो इतका महाग निघाला याचाच अर्थ तोवर तो फुकट घेतला जात होता.

आपल्याकडे काय? आपल्याकडे वाटेला पैसे देण्याची रीत जुनी आहे, पण ते पैसे पेट्रोलचे, तिकिटाचे. एमआरचा किलोमीटरमागे दर ठरलेला, मुक्कामाचा भत्ता वेगळा. पहाटे पाचची एसटी आणि डॉक्टरांच्या दाराबाहेर रात्री दहापर्यंतचे ताटकळणे यांना रकाना नाही. सरकारी नोकराचे तसे नाही. तो दौऱ्यावर असला की कर्तव्यावर असतो. त्याची बदली झाली तर नव्या ठिकाणी रुजू होईपर्यंतचा पदग्रहण अवधीसुद्धा महाराष्ट्राच्या १९८१ च्या नियमांनुसार कर्तव्यकाळ धरला जातो, पगारासह. ते योग्यच आहे. तेव्हा हे तत्त्व आपल्याला परके नाही. आपण ते कायम नोकरीच्या कुंपणाआत ठेवले आहे इतकेच.

कुंपणाबाहेर आशाताई आहे. दवाखान्यात जन्मलेल्या बाळाच्या घरी तिने बेचाळीस दिवसांत सहा भेटी द्यायच्या: तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी. पिशवीत झोळीचा वजनकाटा, थर्मामीटर, घड्याळ, फॉर्म. बाळाचे वजन, ताप, श्वास, नाळ, आई पाजते कशी, हे सगळे बघायचे. या सहा भेटींचे मिळून २५० रुपये, म्हणजे भेटीमागे साधारण ४२. गावातल्या गावात हे अर्ध्या-पाऊण तासाचे काम आहे. नंदुरबारच्या धडगावसारख्या तालुक्यात पाडे डोंगरांवर विखुरलेले. एक उतार उतरायचा, ओहोळ ओलांडायचा, दुसरा चढ चढायचा. पावसाळ्यात तेवढ्या एका भेटीत दिवस मोडतो. रक्कम तीच. म्हणजे जिथे बाळ दवाखान्यापासून सर्वांत लांब, तिथे त्याच्याकडे जाणाऱ्या बाईचा तास सर्वांत स्वस्त. तिला कायद्याने कामगार म्हटलेलेच नाही, स्वयंसेविका म्हटले आहे, त्यामुळे तिच्या तासांचा हिशेब मागायलाही कोणी बांधील नाही. हे मला अन्यायाचे वाटते, आणि बाळंतिणींच्या दृष्टीने धोक्याचेही.

आणि आता जे गेले त्याबद्दल. ओडिशातून कंत्राटदार परराज्यात नेत असलेल्या ‘दादन’ मजुरांची पिळवणूक पुढे आल्यावर १९७९ मध्ये आंतरराज्य स्थलांतरित कामगारांचा कायदा झाला. त्याच्या पंधराव्या कलमात कंत्राटदाराने जाण्या-येण्याचे भाडे द्यावे असे होतेच, पण त्यापुढे आणखी एक ओळ होती: प्रवासाच्या काळाची मजुरी, कामगार कामावर असल्याप्रमाणे. लक्झेंबर्गच्या निकालाच्या छत्तीस वर्षे आधी आपल्या संसदेने हे लिहिले होते. बीडहून मुकादमाची उचल घेऊन कर्नाटकातल्या फडावर जाणारा ऊसतोड्या या कायद्याच्या व्याख्येत बसायला हवा होता. ट्रकमध्ये संसार, पोरे आणि भांडीकुंडी घेऊन काढलेली ती रात्र आणि दुसरा दिवस मजुरीचा असायला हवा होता. कायदा कागदावरच जास्त राहिला. तरी तो कागद होता. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चारही श्रमसंहिता लागू झाल्या, त्यांत सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थितीविषयक संहितेने १९७९ च्या कायद्याची जागा घेतली. तिच्या ६१ व्या कलमात गावी जाण्या-येण्याचे वर्षाकाठी एकरकमी भाडे आहे. प्रवासाच्या काळाची मजुरी नाही. याच वेळी सामाजिक सुरक्षा संहितेत वाटेतला अपघात कामाचा धरण्याची तरतूद आली, तिचे स्वागत आहे. पण दोन्ही संहिता शेजारी ठेवून वाचल्या की दिसते ते असे: वाटेत मेलात तर तुम्ही कामावर होता, पोचलात तर नव्हता.

हिशेब कुठे थांबवायचा, हा आक्षेप खरा आहे. कोणी मुद्दाम लांब राहील, कोणी रेंगाळेल. पण सीमा आखता येते: जागा आणि क्रम मालक ठरवत असेल तर वेळ मालकाचा. दोन कामांमधला प्रवास पूर्ण दराने, घरापासूनचा हवा तर ठराविक अंतरानंतर, गरज पडली तर थोड्या कमी दराने. खर्च वाढेल हे मान्य. तो आजही होतोच आहे, फक्त कामगाराच्या घरातून. आणि मोजता येत नाही, हे म्हणायची सोय आता राहिलेली नाही. सेवेसाठी माणूस पाठवणाऱ्या ॲपला त्याची दुचाकी कोणत्या सिग्नलला थांबली आहे तेसुद्धा माहीत असते. ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये उबरच्या चालकांचा ॲप सुरू करून भाड्यासाठी तयार असण्याचा वेळही कामाचा धरला तो अशाच नोंदींच्या जगात.

आपल्याकडे पहिली पावले संसदेपर्यंत जाण्याचीही गरज नाही. वेतन संहितेच्या तेराव्या कलमाने कामाचा दिवस किती तासांचा हे ठरवण्याचा अधिकार सरकारला दिला आहे. ते ठरवताना मालकाच्या आदेशाने केलेला प्रवास त्या तासांत मोजावा, एवढे एक वाक्य महाराष्ट्राच्या नियमांत घालावे, अशी मागणी कामगार संघटनांनी करावी. आशाताईंसाठी तर संहितेच्या नियमांचीही वाट पाहू नये. कोणता पाडा उपकेंद्रापासून किती चालीवर आहे हे आरोग्य खात्याला गावनिहाय ठाऊक आहे. सहा भेटींच्या दरात त्या अंतराप्रमाणे वाढ राज्याला आपल्या निधीतून देता येईल, आणि ती धडगाव, अक्कलकुवा, भामरागडपासून सुरू करावी.