उंदराच्या जिवाचं मोल

जैन विचार गृहस्थाची आरंभी, म्हणजे रोजच्या कामात ओघाने होणारी हिंसा समजून घेतो; संकल्पी, म्हणजे ठरवून केलेली हिंसा नाही. ठाण्याच्या टेंभी नाक्यावर तीर्थंकर मुनिसुव्रतस्वामींचं दर्शन घेणाऱ्याला परळच्या प्रजनन संशोधन संस्थेतले उंदीर म्हणूनच खुपतील. प्रयोगातला मृत्यू संकल्पीच, हे मला मान्य आहे. तरी १९९६ साली एचएसपी ७०-२ जनुक काढलेले नर उंदीर वंध्य निघाले, माद्या मात्र जननक्षम राहिल्या; उष्णतेच्या धक्क्यावरून ओळखलं जाणारं या जनुकाचं प्रथिन धक्क्याविनाही शुक्राणूंच्या अर्धसूत्री विभाजनाला लागतं, हे जिवंत शरीरातच कळू शकत होतं. माणसाच्या अपत्यासाठी उंदराने का मरावं? या आक्षेपाला पूर्ण उत्तर नाही. म्हणून अशा प्रयोगांची मुभा तात्पुरतीच हवी. २०११ मध्ये जपानी संशोधकांनी उंदराच्या वृषणाचे तुकडे शरीराबाहेर जगवून शुक्राणू घडवले. जिथे तेवढ्याने भागतं, तिथे ती मुभा संपते.